निळा धूर

डब्बो, २२ नोव्हेंबर १९७६

चि. ग्लेनिस हिला मर्व्हिनचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, बाबांचं गवत कापायचं मशीन रुसलंय. बारा डिसेंबरला त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होतात, अंगणात चाळीस माणसं जेवायला येणार आणि गवत माझ्या गुडघ्याला लागतंय. प्लग पुसला, फिल्टर धुतला. गंजका डबा फेकून नवा दोन लिटरचा आणला, त्यात ताजं पेट्रोल नि बाबांच्या मापाने कपभर ऑइल घातलं. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली. निळा धूर सोडतं, खोकतं नि गप्प. तुझ्या लॉर्नावहिनीला भीती, सापबीप निघायचा.

जुलैत पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा एक अक्षर बोललेले नाहीत. व्हरांड्यात बसून माझी फजिती बघतात. लहानपणी तूच त्यांच्याबरोबर त्या मशीनमध्ये डोकं घालून बसायचीस. काय बिघडलंय, तेवढं कळव.

तुझा,
मर्व्हिन


सिडनी, २७ नोव्हेंबर

ती. मर्व्हिनदादास, सा. न. वि. वि.

अखेर अडला हरी! माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाबांना जिना झेपणार नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी तू त्यांना नेलंस. ते पटलं मला. पण मशीनसुद्धा नेलंस, तेव्हा विचारलंस का? माझ्या नशिबी बाल्कनीतल्या दोन कुंड्या, म्हणून?

वहिनी लिहिते, बाबा तिच्या हाताशिवाय घासच घेत नाहीत. वाचून अंगाची लाही लाही झाली. हो, जळते मी! तीन वर्षं जळतेय. बाबा तुमचे, वाढदिवस तुमचा, आणि मी पाहुण्यांच्या यादीत एकोणचाळिसावी.

निळा धूर म्हटलंस तेव्हाच काय बिघडलंय ते मला कळलं. पण सांगणार नाही. ज्याने बाप ठेवून घेतला, त्यानेच मशीनही सांभाळावं. शेजाऱ्याचं माग. बारा तारखेला माझी वाट बघू नका.

रागावलेली,
ग्लेनिस


डब्बो, ३ डिसेंबर

चि. ग्लेनिस हिला आशीर्वाद, घे अगर नको घेऊ.

शेजारचा क्लॅरी आपलं मशीन घेऊन आला. बाबांनी फाटकात काठी आडवी धरली आणि त्याला आत येऊ दिलं नाही. क्लॅरी बिचारा टोपी काढून परत गेला.

मग मंगळवारी मी पुन्हा दोरी ओढत होतो, तर बाबा एकटेच पायऱ्या उतरून आले. माझा हात बाजूला सारला, इंजिनावर आपला तळवा ठेवला आणि स्वच्छ म्हणाले, ग्लेनला बोलव.

पाच महिन्यांतले पहिले शब्द, ग्लेनिस. रोज सकाळी त्यांची दाढी मी करतो. बुटांच्या नाड्या मी बांधतो. लॉर्ना त्यांच्या चादरी धुते. आणि नाव कोणाचं आलं? लॉर्ना स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी शेडमागे जाऊन काय केलं, ते विचारू नकोस. तू जळतेस म्हणतेस ना? आता मी किती जळलो ते ऐक. हे तुला कळवायचंच नाही, असं ठरवून तीन दिवस पत्र लिहिलं नाही. मग लाज वाटली.

तू ये. मशीनसाठी नको, त्यांच्यासाठी ये.

मर्व्हिन


सिडनी, ६ डिसेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उभ्याने वाचलं. खालची म्हातारी विचारत होती, कोण गेलं म्हणून.

आता नीट वाच. बाबांचा एक कप हा गॅलनच्या, म्हणजे साडेचार लिटरच्या डब्याचा हिशेब. तू जुना डबा फेकलास, सरकारने लिटर आणले, पण कप तोच राहिला! दुपटीहून जास्त ऑइल झालं, प्लग तेलाने चिंब. टाकी पूर्ण उपस आणि तुझ्या दोन डब्यांना, म्हणजे चार लिटरला कपापेक्षा बोटभर कमी ऑइल टाक. जुना प्लग काढून आठ-दहा वेळा दोरी ओढ, म्हणजे आतलं तेल बाहेर पडेल. मग नवा प्लग घाल, चालेल.

आणि हे शनिवारी, बाबा व्हरांड्यात असताना कर. तुझ्या हाताने चालू झालेलं त्यांना दिसू दे. मी सांगितलं, हे कळू देऊ नकोस. मी रविवारी, बारा तारखेलाच, सकाळच्या गाडीने उतरते, गवत कापून झाल्यावर. त्यांनी माझं नाव घेतलं, मला तेवढं जन्मभर पुरेल. पण हे एवढं एकदाच हं, दादा. परत काही बिघडलं तर मीच दुरुस्त करणार.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ, दोन्ही असू दे.

तुझी,
ग्लेन