तीन ग्लासांचा खुलासा

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार सकाळ (बाहेर उणे अकरा)

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी लावलेलं पथ्य चालू आहे, की तू मोडलंस? माझी तब्येत उत्तम, भूक चांगली, झोप नको तितकी. तू समितीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह दिलंयस. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तू इतकं थोडक्यात कधी बोलला नव्हतास, म्हणून हे पत्र.

फोटो खरा आहे. जागा बारच आहे. बिअरचे तीन ग्लास माझ्याच पुढ्यात आहेत आणि हात वर करून मी ओरडतोय, हेही नाकारत नाही. व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षाला (सलग बावीस वर्षं, बिनविरोध, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं) हे शोभत नाही. पण आधी ऐकून घे, मग काढायचं तर काढा.

सुरुवात दारूने झाली नाही, लघवीने झाली. धम्मदीप आणि सूनबाई उपासना सकाळी आठला कामाला जातात. मग घरात मी आणि हीटर. त्यातला हीटर जास्त बोलका. म्हणून मी दर गुरुवारी बसने लायब्ररीत जायला लागलो. तिसऱ्याच गुरुवारी परतीची बस बर्फात अडकली आणि थांब्यावर उभा राहून माझं जे व्हायचं ते व्हायला लागलं. समोर एकच दार उघडं दिसलं. शिरलो, मोकळा झालो, आणि मग भिंतीवरची पाटी वाचली: सोय फक्त गिऱ्हाइकांसाठी. आता तसंच निघून जाणं मला जमेना (तू गेला असतास). लिंबू पिळून सोडा मागितला. मालकीणबाईंनी नाव विचारलं. महिन्याभरात इथे माझं नाव विचारणारी ती पहिलीच. पुढच्या गुरुवारी मी दारात दिसताच बाईंनी लिंबू कापायला घेतलं. प्रल्हाद, माणूस तिथे अडकतो बघ. आपली सगळी पत्रकं दारूवर आहेत, लिंबावर आपण एक ओळ छापलेली नाही.

तिथे दुपारी तिघं ठरलेले असतात. डेनिस, निवृत्त पोस्टमन, बफलोचा. वॉल्ट, ट्रक चालवायचा, मिलवॉकीचा. आणि रोझली, निवृत्त नर्स, न्यू ऑर्लिन्सची. अकरा वर्षं तिघांचा एकच वाद: अख्ख्या अमेरिकेत गल्लीतला सगळ्यात चांगला बार कुठला? झगमगाटवाले नव्हेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. डेनिस म्हणायचा बफलोचा, कारण बर्फाच्या वादळात मालकाने एकोणीस जणांना तीन दिवस आत झोपवलं होतं. वॉल्टला मिलवॉकीतले शुक्रवारचे तळलेले मासे पुरे. रोझलीच्या गल्लीतल्या बारच्या दाराला कुलूपच नाही म्हणे, कारण तो बंदच होत नाही. मी गप्प बसायला हवं होतं. पण चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. म्हणालो, "यू हॅव नो मार्किंग स्कीम."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. रोझली म्हणाली, इथे शुद्धीत असलेला हा एकटाच, जज हाच. मी फुगलो. त्याच संध्याकाळी घरी बसून शंभर गुणांची योजना आखली: पाठ टेकायला जागा दहा, स्वच्छतागृह वीस (अनुभवातून), न पिणाऱ्याला वागणूक वीस, वगैरे. पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने माझ्यासमोर बसून आपल्या बारवर एक पान लिहायचं. लिहून होईपर्यंत प्यायचं नाही, ग्लास पर्यवेक्षकाकडे जमा. हेच ते तीन ग्लास. आणि डेनिस वॉल्टच्या कागदात बघत होता (बार वेगळा, शहर वेगळं, तरी बघत होता!) म्हणून मी ओरडलो. मालकीणबाईंनी नेमका तोच क्षण टिपला आणि फेसबुकवर मला टॅग केलं. मी फेसबुकवर आहे हे त्यांना मीच कौतुकाने सांगितलं होतं.

मग पेपर मोठ्याने वाचायला घेतले. दोन ठीकठाक. वॉल्टच्या कागदावर माशांचा पत्ताच नव्हता. लिहिलं होतं, बायको गेली त्या आठवड्यात मी तिथे गेलो, मालकाने काही विचारलं नाही, टीव्हीचा आवाज कमी केला, मी दोन तास बसलो. मी कागद खाली ठेवला. कौसल्या गेली तेव्हा आपल्याकडे दीडशे माणसं आली आणि प्रत्येकाने काहीतरी सांगितलं. (तू योगासनं सांगितलीस.) मी वॉल्टला शंभरपैकी शंभर दिले. मी! तुझ्या मेव्हण्याला अर्ध्या गुणासाठी नापास करणारा मी.

डेनिस आणि रोझली खवळले. पक्षपात झाला, फेरतपासणी हवी. त्या भांडणात माझी नेहमीची चारची बस गेली, पाच वाजले, आणि दार उघडून सहकाऱ्यांसोबत आत आला धम्मदीप. गुरुवारी संध्याकाळी त्याची 'लॅब मीटिंग' असते. त्याने मला बघायच्या आधीच मालकीणबाई म्हणाल्या, "दीप, नेहमीचंच?"

मी दोनशे शाळांत या विषयावर भाषण केलंय, तुला माहीत आहे. आणि ते तीन ग्लास अजून माझ्याच पुढ्यात होते. तो ग्लासांकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"बाबा, आय कॅन एक्सप्लेन."

"थांब, आधी मी."

शेवटी खुलासा कुणीच केला नाही. तो माझ्याशेजारी बसला. डेनिसने त्यालाच फेरतपासणीला धरलं आणि वॉल्टचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग खाली बघत म्हणाला, "बाबा, घरी तुम्ही आईबद्दल काहीच बोलत नाही यार." वडिलांना यार म्हणाला, पण मी टोकलं नाही. म्हटलं, "तुम्ही आठला निघून जाता." घरी जाताना गाडीत तो कौसल्येबद्दल बोलला आणि मीही बोललो. उपासना दारात उभी होती, तिने उशीर का झाला विचारलं. आम्ही दोघं एकदमच "मीटिंग" म्हणालो.

आता दर गुरुवारी तो चारलाच येतो. एक ग्लास घेतो. "एकच, बाबा," असं सांगत होता, पण मी काही विचारलंच नव्हतं. अध्यक्ष म्हणून हा गुन्हा आहे. सभेत हे सगळं वाचून दाखव आणि मला काढायचं असेल तर जागृतीताईंना बसवा. त्या माझ्यापेक्षा कडक आहेत आणि त्यांना कुणी टॅग करणार नाही. मी थेंबालाही शिवलेलो नाही, एवढं मात्र इतिवृत्तात येऊ दे.

तुझा,
शंकर

ता.क. : रोझलीने केक आणला होता. दोन तुकडे खाल्ल्यावर कळलं, त्यात रम असते. तिसरा तुकडा कळल्यानंतरचा. हे सभेत वाचू नकोस.

ता.क. २ : खरं काम राहिलंच. येत्या शनिवारी दुपारी बारमध्ये रश्श्यांची स्पर्धा आहे. बोलता बोलता मी सांगून बसलो की नागपूरची तर्री मी स्वतः करतो आणि अख्खी वस्ती खायला येते. मला चहासुद्धा करता येत नाही. कौसल्येने ती कधी लिहून ठेवली नाही, आणि मी कधी विचारली नाही. वहिनींना विचारून सगळी कृती पाठव, चमचे आकड्यांत लिही, 'अंदाजाने' चालणार नाही. वॉल्टला तिखट सोसत नाही, तरी चाखणार म्हणालाय. अध्यक्षपदाचं तुम्ही सावकाश ठरवा, कृती शुक्रवारच्या आत हवी.