ठाण्याला गेलेली गलबतं

मुहर्रक, बहरीन
१५ नोव्हेंबर १९९६

प्रिय सिराज,

अस्सलामु अलैकुम. तुझ्या मुलाचा, अर्सलानचा व्हिसा येऊन आठ दिवस झाले. तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील आणि मला शिव्या घालत असशील. घाल. कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, पाठवायला हात धजत नाही. पोरगा माझ्याच भरवशावर येणार, म्हणून आधी हे वाच.

आमच्या सुहाला शाळेत बहरीनच्या एका जुन्या सुभेदारावर निबंध लिहायला दिलाय. उस्मान बिन अबिल आस, खलिफा उमरच्या काळातला इथला कारभारी आणि सेनापती. पोरीचं अडलं की ती माझ्याकडे येते. मी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तर या उस्मानने खलिफाला न विचारता गलबतं समुद्रात लोटली, बरोबर सख्ख्या भावाला धाडलं, आणि कुठे, सांग बघू? ठाण्याला! सुहाला ठाणं म्हणजे माझ्या बहिणीचं, मसूदाचं घर. ती हसतच सुटली.

माणसं सुखरूप परतली म्हणतात. पण खलिफाचं पत्र आलं ते खरमरीत. त्यात उस्मानला लिहिलेलं, तू लाकडावर किडा बसवून दर्यात सोडलास. ती माणसं दगावली असती, तर तेवढीच मी तुझ्या कबिल्यातून घेतली असती. पुढे उस्मानने इराणात लढाया मारल्या, म्हातारपणी बसऱ्यात जाऊन राहिला, हे सगळं सुहाने जेवताना वाचून दाखवलं. मी त्या पत्रापाशीच अडकलो होतो. समोर बसलेल्या पोरीकडे मला बघवेना, ताटावरून उठलो.

तौकीरला, तुझ्या धाकट्या भावाला, इथे मीच आणलं. मालवाहू लाँचवर लावलं तेही मीच. फेब्रुवारीत ती त्याला घेऊन बुडाली, तेव्हा तुला लिहिलं की पोरगा हसत, स्वतःच्या हौसेने गेला. खोटं लिहिलं, सिराज. त्या सकाळी त्याने धक्क्यावरून मला एअरपोर्टच्या ऑफिसात फोन केला होता. भाई, वारा फार वाढलाय, आज नको जाऊ का, म्हणाला. मालकाकडे मी त्याच्यासाठी शब्द टाकलेला. पहिल्याच महिन्यात दांडी मारली तर माझं नाक कापलं जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, कोकणातला ना तू, वाऱ्याला घाबरतोस? यल्ला, जा. तो बरं म्हणाला. फोन ठेवून मी चहा प्यायला गेलो.

तू लिहितोस, अम्मी म्हणते, तो खुशीने गेला एवढंच समाधान. तेही मी आज काढून घेतोय, याची लाज वाटते. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण हे पोटात ठेवून अर्सलानला बोलावणं मला जमणार नाही. तरीही पाठव म्हणालास तर व्हिसा दुसऱ्या दिवशी निघेल, आणि पोरगा दर्यावर नाही, माझ्या शेजारच्या टेबलावर बसेल. नको म्हणालास तर फाडून टाकीन. माझ्या घरातलं एक माणूस मागायचा तुला हक्क होता. तू मागितलं नाहीस. उलट स्वतःच्या घरातलं आणखी एक माझ्याच हवाली करायला निघालास.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
फारुख