आठवडाआड गोळ्या

जळगाव, शनिवार, २३ ऑक्टोबर १९९९

भाऊला आज पहूरहून दवाखान्यात आणलं. ताप परत सुरू झालाय, वजन उतरलंय. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करून पाचच महिने झालेत. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. निम्म्या गोळ्या तशाच होत्या.

"एक आठवडा घेतो, एक आठवडा बंद," तो म्हणाला. "कपाशीवर सारखं एकच औषध फवारलं तं अळीले सवय होते. मंग ते मरत नाही."

मी दटावलं, तर हसला. "मास्तर, तू पुस्तकं वाच. शेती मी केली."

वेडेपणा तरी कसा म्हणू? वीस वर्षं शेतात जे पाहिलं, ते त्याने शरीराला लावलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, इथे उलटं असतं. खंड पडला की विषाणू औषधाला सरावतो. आता या गोळ्या लागू पडतीलच असं नाही. दुसऱ्या गोळ्या मुंबईला मिळतात का बघू. तोवर एकही चुकवू नका.

तो डबा डोळ्यांपुढून हलत नाही. भाऊ इथे यायला लाजायचा, म्हणून गोळ्या मीच गावी पोचवायचो. रोज घेतोस का, एकदाही विचारलं नाही. आजाराचा विषय निघू नये म्हणून.

रिक्षात त्याने विचारलं, "माझं चुकलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "पण आजपासून रोज घे. खंड पडला की गोळी लागू पडत नाही."

"हे पहिलेच काहून नाही सांगितलं?"

घर येईपर्यंत मी डब्यात उरलेल्या गोळ्या मोजत राहिलो.