हिरवी पाचर

नाशिक,
शनिवार, ९ मार्च २००२

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

इकडचं म्हणशील तर सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात. बाबा द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनवर वॉचमनच्या खुर्चीत बसून आल्यागेल्या ट्रकवाल्यांशी वाद घालतात, म्हणजे तब्येत उत्तम. तुझं काय ते तूच जाणे. वापीला जाऊन सहा वर्षं होत आली, अजून एक पत्र नाही.

वर तारीख बघितलीस ना? मुद्दाम आजच लिहायला बसले. आजच्या दिवसाचा विषय आपल्या घरात कुणी काढत नाही. मी काढणार आहे.

तू महिन्यातून एकदा शेजारच्या शकुबाईंच्या घरी फोन करतोस, 'बाबांचा हात कसा आहे' एवढंच विचारतोस आणि आई पदर सावरत पळत येईपर्यंत ठेवून देतोस. तर ऐक, बाबांचा हात होता तसाच आहे. तुटलेली बोटं उगवत नसतात. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी विचार. ज्योती काय शिकते ते विचार, कारण आईनं शकुबाईंमार्फत तुला कळवलं असेल की पोरगी इंजिनिअर होणार, आणि ते साफ खोटं आहे.

मी इंडस्ट्रियल डिझाईन शिकते. कोर्स नवीन निघालाय, आमची दुसरीच बॅच. माणसं हातात धरतात, दाबतात, ओढतात त्या वस्तू कशा असाव्यात, ते शिकायचं. पहिल्या वर्षाला फाउंडेशन म्हणतात. पहिला महिनाभर आम्ही पट्टी न घेता नुसत्या रेघा मारल्या. मग वर्तुळं. मग पुठ्ठ्याचा ठोकळा, तोही सांधा दिसता कामा नये. येवल्याची झुंबरआत्या आली होती, ती माझी वही चाळून म्हणाली, "एवढं शिकून रेघोट्याच मारायच्या व्हत्या, तर अंगणवाडी काय वाईट व्हती?" मी म्हटलं, आत्या, सरळ रेघ मारून दाखव. तिनं मारली, आणि माझ्यापेक्षा सरळ आली. पैठणीवर आयुष्य गेलंय तिचं. मी वही मिटली.

दिवाळीनंतर एक काम दिलं. प्लास्टरचा गोळा डोळे मिटून घासत राहायचा, आपल्या मुठीत नीट बसेपर्यंत. मी आठ दिवस घासला. वर्गात सगळ्यात चांगला माझाच झाला, पल्लवी मॅडमनी तो सगळ्यांच्या हातात फिरवला. त्याच तोऱ्यात घरी आणला आणि बाबांच्या उजव्या हातात दिला. तो त्यांच्या हातात राहिलाच नाही. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढ्यांवर किती राहणार? फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. बाबा हसले, म्हणाले, "आपल्या मापाचा नाय हा." मी आतल्या खोलीत जाऊन रडले. खूप रडले. आणि मग मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

वर्षाच्या शेवटी मोठं काम असतं. विषय होता, 'लोक चुकीच्या पद्धतीनं वापरतात अशी एक वस्तू'. बाकीच्यांनी कुणी बाटली घेतली, कुणी टॉर्च, कुणी बसमधला दांडा. मी पत्रा ठोकून कापायच्या पॉवर प्रेसचं बटण घेतलं.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "फर्स्ट इयरला एवढं अवघड कशाला? काहीतरी छोटं घे. पेनस्टँड घे." मी म्हटलं, सर, पेनस्टँडनं आमच्या घरातल्या कुणाची बोटं गेली नाहीत. उर्मट म्हणाले मला. असेन.

तुला प्रेस काय सांगायची, पण मॅडमना सांगितली तशी तुलाही सांगते, कारण आपण ती कधी धड शब्दांत सांगितलीच नाही. दोन हिरवी बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येऊन ठोका पडतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आत एकही नाही. कागदावर एकदम झकास. पण मग पत्रा आत सरकवायचा कुणी?

मी अंबडच्या एमआयडीसीत, तू आणि बाबा प्रेसवर होतात त्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर चार दिवस बसले. ओढणी, वही आणि एक कटिंग. पहिल्या दिवशी कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी बाबांसोबत काम केलेल्या गोटीरामकाकांनी ओळखलं, "अगं, तू दत्तूची पोरगी," आणि मग सगळे बोलायला लागले. एकोणीस प्रेस ऑपरेटरांना मी विचारलं, एक बटण अडकवून ठेवता का? एकोणीसच्या एकोणीस जणांनी हो म्हटलं. कुणी काडेपेटी, कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कुणी तुटक्या चपलेचा पट्टा. एक बटण दाबलेलं ठेवायचं, म्हणजे एक हात मोकळा. गोटीरामकाकांना मी कॉलेजात आणलं, पुठ्ठ्याच्या प्रेससमोर बसवलं आणि घड्याळ लावलं. दोन्ही बटणं दाबून काम केलं तर टार्गेट पुरं व्हायला शिफ्ट पुरतच नाही. हे कंपनीला माहीत नव्हतं असं तुला वाटतं?

यावर उपाय आहे दादा. दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरा ठोका पडायचाच नाही अशी जोडणी. मग पाचर मारा नाहीतर खिळा ठोका, काही उपयोग नाही. आणि पत्रा उतरत्या पट्टीवरून आपोआप आत, म्हणजे हात घालायची गरजच नाही. मी डोअरबेलची दोन बटणं, एक बल्ब आणि पुठ्ठा घेऊन तसं मॉडेल केलं. शोध लावला म्हणून मी दोन दिवस हवेत होते. मग मॅडमनी पुस्तक काढून दाखवलं, अशी बटणं जगात कधीपासून आहेत. कंपनीला माहीत होतं, जगात सामान होतं, फक्त आपल्या बाबांच्या प्रेसवर नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, स्वतःचं प्रेस शॉप चालवणारे. माझं सगळं ऐकून म्हणाले, "हा डिझाईनचा प्रश्नच नाही. शिस्तीचा आहे. कामगारानं नियम पाळला तर काही होत नाही."

मी म्हटलं, "सर, एक माणूस चुकला तर त्याला धरा. एकोणीसच्या एकोणीस चुकतात म्हटल्यावर बटणाकडे बघायला नको का?"

मॉडेलशेजारी मी लाकडाची एक पाचर ठेवली होती, हिरव्या रंगाची, बाबांच्या प्रेसवर होती तशीच. ती त्यांनी उचलली, बटण आणि त्याच्या भोवतीचं कडं यांच्या फटीत बसवून बघितली. एका दाबात बसली. त्यांनी नखानं काढून बघितली, निघेना. म्हणाले, "ही फारच चांगली केलीय. कुणी केली?"

"मी."

"ही नाही गं. खऱ्या प्रेसवर जी होती, ती."

"तीही मीच."

त्यांनी पाचरीवरून बोट काढून घेतलं.

दादा, आता तुझ्याशी. तू मला कधी याबद्दल बोलू दिलं नाहीस. सातवीत होते मी. तू म्हणालास, ज्योते, काडेपेटी सारखी निसटते, तुझा हात चांगला आहे, एक पक्की पाचर करून दे. तू मला फटीचं माप सुताच्या दोऱ्यावर गाठ मारून आणून दिलंस. घरात लाकूड नव्हतं, म्हणून बाबांच्या हातोडीचा मोडलेला दांडा घेतला. ब्लेडनं कोरला, काचेच्या तुकड्यानं घासला. रंग मात्र माझ्या डोक्यातून आला. सुपरवायझरला दिसू नये म्हणून खिडकीचा उरलेला हिरवा ऑइलपेंट मी लावला. तू किती खूष झालास. मला वडापाव आणलास.

काडेपेटी असती तर निसटली असती. रंग नसता तर बाबांना दिसली असती. त्या दिवशी, सहा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, मॅच होती, पहिली शिफ्ट संपली आणि तू ती काढायची विसरून पळत घरी आलास. दुसऱ्या शिफ्टला त्याच प्रेसवर बाबा बसले. त्यांचं एक बटण आधीच दाबलेलं आहे हे त्यांना कळायचा काही मार्गच मी ठेवला नव्हता. डावा हात बटणाकडे गेला तेव्हा उजवा आत होता.

चौकशीत बाबांनी सांगितलं, पाचर मीच लावली. कंपनीनं लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तुझी नोकरी वाचली आणि तीन महिन्यांत ती टाकून तू निघून गेलास. जाताना माझं नाव कुणाला सांगितलं नाहीस. बाबांनी तुला झाकलं, तू मला झाकलंस. मी मागितलं होतं का? सहा वर्षं मी वर्गात हुशार पोरगी म्हणून मिरवते, आणि तू तिकडे म्हणे पॅकिंग खात्यात खोकी बांधतोस, मशीनला हात लावत नाहीस. मला हे नको आहे. निम्मं माझं आहे, ते मला परत दे.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. आईनं भाकरी थापणं थांबवलं. बाबा उठले, पेटी उघडली, शर्टांच्या खालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत ती होती. रंग थोडा उडालाय.

"माझ्या हातोडीचा दांडा मला वळखू येणार नाय व्हय?" ते म्हणाले. "हात धरून बसलो व्हतो, तवाच पाचर काढून खिशात टाकली."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं दादा. तुझंही आणि माझंही. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणतात, "काय बोलायचं? पोरांनी कामाची वस्तू केली. घट्ट बसली व्हती, काम चांगलं व्हतं." आणि मग पाचर परत रुमालात गुंडाळत तुझ्याबद्दल म्हणाले, "धनराजला सांगायचं राहिलं. तो थांबलाच नाय."

सहा वर्षं तू त्या माणसाच्या रागापासून पळतोयस, आणि त्याला राग आलेलाच नाही. राग मला आलाय, तुझ्यावरही.

आता पुढचं. रविवारी, २४ मार्चला, सकाळी दहापासून आमचं प्रदर्शन आहे. माझ्या फलकावर वरच्या ओळीत लिहिलंय, 'हा अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला नाही.' विभागप्रमुख म्हणतात, कंपन्यांचे लोक पाहुणे आहेत, ती ओळ काढ, नाहीतर फलक हॉलमध्ये लागणार नाही. मी काढणार नाही. पल्लवी मॅडम माझ्या बाजूनं भांडताहेत. हॉलमध्ये नाही लागला तर गेटबाहेर टेबल मांडीन. बाबा म्हणाले, गोडाऊनवरची खुर्ची घेऊन येतो आणि शेजारी बसतो, बघू कोण उठवतं.

मॉडेलची बटणं बाबाच दाबून दाखवणार आहेत. बटणं मी त्यांच्या हाताच्या मापानं पुन्हा केलीत, अंगठा आणि दोन बोटं. या वेळी नीट बसलीत.

फलकाच्या खाली खरी पाचर लावणार आहे, बाबांच्या पेटीतली. तिच्याखाली दोन ओळी. पहिली लिहून झाली, 'बनवणारी: ज्योत्स्ना दत्तू.' दुसरीत 'लावणारा:' एवढंच लिहिलंय. पुढची जागा मी भरणार नाही, आणि बाबांना त्यांचं नाव तिथं लिहू देणार नाही. पेन्सिल दोरीनं बांधून ठेवली आहे.

वापीहून पेठमार्गे एसटी सकाळी सुटते, हे तुला मी सांगायला नको. आदल्या दिवशी निघ.

जागा तुझी मोकळी ठेवून,
तुझ्याइतकीच दोषी, आणि कुणापुढेही मान खाली न घालणारी,

ज्योती