तुमच्या दादांचं फुलांचं शब्दकोडं

झूटरमेर, मंगळवार

विवेकभाऊजींना वृंदावहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मंजूषाची शुगर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. सहा वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नका. आधी बसून घ्या.

तुमच्या दादांना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. पाय जरा चालतो, पण शब्द गेले. (लायडनच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं फुलांवर बोलणारा माणूस आता चहा हवा असला की "परागकण" म्हणतो. नको असला तरी तेच.) वाचा-उपचारासाठी घरी एक डच मुलगी येते. ती म्हणाली, आवडत्या विषयाची शब्दकोडी मातृभाषेत द्या. मी पडले कॉमर्सची! ह्यांच्या कॉलेजच्या वह्या काढून कोडं रचलं. त्यात पुंकेसराला तीनच घरं पडली, तेव्हा ह्यांनी डाव्या हातानं पेन्सिल फेकून मारली. (नेम उत्तम आहे, असं मी डॉक्टरांना कळवलं.)

मग त्या मुलीनं विचारलं, कोड्यात आहे काय? माझं डच भाजीच्या दुकानापुरतं. अंडाशय समजावायला मी पोटावर हात ठेवला, आत बी वाढतं ते बोटांनी दाखवलं. तिनं आनंदानं माझे दोन्ही हात धरले. "खेफेलिसितेर्त!" म्हणजे अभिनंदन. इथं अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं करतात, म्हणून ह्यांचंही केलं, आमच्या अवनीचंही. मी एक्कावन्न वर्षांची, भाऊजी! अवनीनं (आता एकोणीसची आहे) उशीत तोंड खुपसलं. आणि हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच, अगदी ठसका लागेपर्यंत.

ती गेल्यावर ह्यांनी आपणहून कोडं पुढे ओढलं. सूचना होती, "फुलातलं बीजांडं जपणारं घर, चार अक्षरं." ह्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. मग लिहिलं, "आई". पुढची दोन घरं रिकामी. अवनी म्हणाली, "पास्त नीत, बाबा," म्हणजे बसत नाही. मी म्हटलं, राहू दे. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत हे पोचू शकले नाहीत, तेव्हापासून ह्या घरात तो विषय कोणी काढत नाही. अवनी खोडरबर घेऊन आली, तर ह्यांनी कागदावर तळहात दाबून धरला. जेवायला उठेपर्यंत उचलला नाही.

बाकी सुधारणा आहे. काळजी नसावी.

तुमची वहिनी,
वृंदा

ता. क. तुम्ही साताऱ्याला वनस्पतिशास्त्रच शिकवता, तर वीस-पंचवीस सोप्या सूचना लिहून पाठवा. घरं मोजून.

आणखी एक ता. क. सुधारणा नाही. मानेतली दुसरी रक्तवाहिनीही बंद होत आली आहे आणि ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. सूचना राहू द्या, तुम्हीच या. "आईला तू मारलंस," असं सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, ते ह्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी कणीक मळत होते. ते ऐकलेलं असूनही मी बोलावतेय. या.