शुक्रवासी क्रमांक दोन

१ ऑक्टोबर १९६१, रविवार. अकोला
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहायची. नटाची भाषा घासूनपुसून पाहिजे.
धर्मपाल मास्तरांच्या विज्ञान नाट्यमंडळात मला पाच वर्षं झाली. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवतात. रशियानं आभाळात काही सोडलं की यांचं नवं नाटक तयार. माझ्या आजवरच्या भूमिका: चंद्रावरचा द्वारपाल, मंगळाचा सेनापती, यंत्रमानव (दोनदा), बरणीतला मेंदू (फक्त आवाज), धूमकेतूचा दूत आणि किरकोळ परग्रहवासी सात. एकूण तेरा. साऱ्या वऱ्हाडात एवढे परग्रहवासी एकट्यानं कोणी केले नसतील. पण तेराही वेळा तोंड झाकलेलं. सासूबाईंनी तीन नाटकं पाहिली आणि तिन्ही वेळा विचारलं, जावईबापू कावून नाही आले?
संकल्प: यंदा तोंड दिसलंच पाहिजे. डिसेंबरात अमरावतीला नाट्यस्पर्धा आहे. नव्या नाटकात शास्त्रज्ञाचं काम आहे. ते मलाच मिळणार. दुसरं आहे कोण?

५ ऑक्टोबर
शास्त्रज्ञ नत्थुजी.
पोस्टात शिक्के मारणारा माणूस. चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा. त्याले शास्त्रज्ञ करून राहिले! आणि मी शुक्रवासी क्रमांक दोन. वाक्यं अकरा. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर बांबूची टोपली, तिला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली, डोळ्यांसाठी दोन भोकं.
मी म्हटलं, काम सोडतो. मास्तर म्हणाले, बरं. मग मी विचार केला आणि सोडलं नाही. मंडळाचं नुकसान मला पाहवत नाही.
संकल्प: नत्थुजीशी बोलणं बंद.

१४ ऑक्टोबर, सकाळी ५
आवाजाचा रियाज सुरू. पान बंद.

सकाळी ६
शेजारच्या केशरबाई येऊन विचारून गेल्या, कोणाले इंचू चावला काय? या बाईला कलेचं वावडं आहे. रियाज बंद. पान सुरू. पानानं घसा ओला राहतो.

२ नोव्हेंबर
अकरा वाक्यांची मी एकोणीस केली. वरची आठ माझी स्वतःची, त्यांतली दोन तर यमकात. मास्तरांनी एकोणीसची सहा केली. वर ऐकवलं की शुक्रावरचे लोक शांत असतात. हे कधी जाऊन आले शुक्रावर?
टोपलीत मान खाजते. जरा हललो तर नत्थुजी सर्वांदेखत म्हणाला, हा शुक्रवासी नाचून राहिला. बोलणं बंद असल्यामुळे शिवी किसनरावांमार्फत दिली. किसनराव आमचे प्रॉम्प्टर. त्यांनी अर्धीच पोचवली.

३ डिसेंबर, रविवार
हँडबिलं छापून आली. शास्त्रज्ञ नत्थुजी, ठळक टाइपात. हार्मोनियमवाल्याचं नाव आहे. खुर्च्या देणाऱ्या जानरावाचं नाव आहे. खाली बारीक अक्षरांत: आणि इतर.
मी इतर. तेरा भूमिका केल्या अन् मी इतर! शुद्ध मराठी गेली चुलीत. मले काय समजून राहिले हे लोक?
वच्छलेला सांगितलं. बायको असून ती म्हणाली, टोपलीचं कोणी नाव छापते काय?
ठरलं. रुसायचं. आमच्याकडे लग्नात व्याही रुसला की मांडव थांबतो. नारळ, टोपी, शेला घेऊन चार माणसं जातात, हातापाया पडतात, तेव्हा कुठं पंगत बसते. माझ्याच लग्नात मोठे काका गोठ्यात जाऊन रुसले, तर वरात तीन तास उन्हात उभी होती. मग नाटक कसं थांबणार नाही?

६ डिसेंबर. भातकुली
रुसून साळ्याकडे, वच्छलेच्या भावाकडे, आलो. हायस्कुलाच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून आलो: उत्तमराव गावंडे रुसले असून भातकुलीस आहेत, खुशालरावांचं घर, मारुतीच्या पाराजवळ. अमरावतीहून भातकुली हाकेवर. त्यांना आणायला सोपं पडावं म्हणूनच हे गाव निवडलं. एवढा विचार रुसलेला माणूस करत नाही.
पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा गप्प. चौथ्यांदा उठायचं.

८ डिसेंबर
दुपारी दारात बैलांची दमणी थांबली. लगेच भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ कोणी मनवेना म्हणून वळून पाहिलं. सरकीची पोती उतरवत होते.
खुशालराव म्हणाला, भाऊजी, बसूनच राहाचं असन तं वावरात चाला, वेचाले मानूस कमी हाय. संध्याकाळपर्यंत कापूस वेचला. तोंड सडकेकडे ठेवून वेचला.

९ डिसेंबर, शनिवार, दुपारी ४
स्पर्धेचा प्रयोग आज संध्याकाळी सातला. तिकडे धावपळ उडाली असेल. क्रमांक दोन नसेल तर दुसरा अंक उभाच राहत नाही. हाल होऊ देत लेकाचे.

५.३०
दाढी केली. कोट चढवला. नारळ माफ. टोपी आणली तरी पुरे.

६.१५
टोपीही माफ. नुसते किसनराव सायकलीवर आले तरी चालेल.

७
खुशालरावाच्या बायकोनं विचारलं, भाकरी टाकू काय? टाक म्हटलं. तीन खाल्ल्या.

११ डिसेंबर. अकोला
परत आलो. प्रयोग झाला म्हणे. वच्छला स्वतः पाहून आली, मंडळाच्या ट्रकमधून, केशरबाईला घेऊन. म्हणाली, तुमी नोयते म्हून जागा होती. क्रमांक दोन कोण होता विचारलं, तर म्हणाली, होता कोणी तरी, तुमच्यापेक्षा उंच वाटला.
घरातच साप पाळला मी.

१७ डिसेंबर, रविवार
निकाल! नाटक पहिलं. नागपूरच्या अंतिम फेरीत. आणि अभिनयाचं खास प्रशस्तिपत्र: शुक्रवासी क्रमांक दोन, श्री. उत्तमराव गावंडे. अर्ज मास्तरांनी ऑक्टोबरातच भरला होता, त्यात माझं नाव होतं. परीक्षकांचा शेरा: अत्यंत संयत अभिनय, एकही अनावश्यक हालचाल नाही.
नत्थुजीला काही नाही. लय बेस झालं.
उभा कोणीही राहिला असेल, भूमिका घडवली मी. ऑफिसात पेढे वाटले. हेडक्लार्कांनी विचारलं, एवढं स्थिर कसं राहता येतं? म्हटलं, श्वासावर ताबा पाहिजे.

१८ डिसेंबर
किसनरावांना गाठून विचारलं, टोपलीत कोण होतं. म्हणाले, कोणीच नाही. तेलाच्या डब्यात वाळू भरली, वाळूत बांबू रोवला, बांबूवर झगा, वर टोपली. वावरातल्या बुजगावण्यासारखं. सहा वाक्यं त्यांनी विंगेतून म्हटली.
आज जेवलो नाही.

२४ डिसेंबर, रविवार
मास्तर घरी आले. प्रशस्तिपत्र ठेवलं, चहा घेतला. ते काही बोलण्याआधीच मी सांगून टाकलं, झालं गेलं विसरलो, नागपूरला येतो, टोपलीसुद्धा घालतो. मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, परीक्षकांनी लिहून दिलं आहे, नागपूरला काहीही बदलू नका. फक्त तिसऱ्या अंकात बांबू कलला, नत्थुजींच्या अंगावर यायचा राहिला. कोणी मागं काळ्या कापडाखाली बसून धरला तर बरं होईल. खोकून चालणार नाही.
मी म्हटलं, ज्यानं तेरा भूमिका केल्या त्यानं आता बांबू धरायचा? मास्तर म्हणाले, तुमच्यावर सक्ती नाही, खुर्चीवाले जानराव तयार आहेत.
हो म्हटलं.

२७ डिसेंबर
तालीम. कापडाखाली दोन तास. नत्थुजी म्हणाला, बांबू जरा डावीकडे घ्या.
घेतला.