चार वाजून दहा मिनिटांचं मांजर

प्रिय बाबा,

इंचॉनहून गांगसानचा वाकून नमस्कार.

पाकीट तुम्ही दोनदा उलटंसुलटं करून बघितलं असणार, कारण माझ्या हातचं पत्र आपल्या घरात आजवर आलेलं नाही. काळजी करू नका. हातपाय जागेवर आहेत आणि नोकरीही जागेवर आहे. हे शेवटचं वाक्य हवं तर पुन्हा वाचा. कागद दुकानाच्या वहीतला आहे, मागच्या बाजूला एका दातांच्या दवाखान्याचा नकाशा आहे, तो सोडून द्या. सोलही ताई माझ्या शुद्धलेखनाला हसेल. तिला सांगा, शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसानं याहून चांगलं लिहिलं तर मास्तरांचा अपमान होईल.

तीन वर्षांपूर्वी बसथांब्यावर तुम्ही माझ्या हातात युजा-लिंबांची पिशवी दिलीत आणि म्हणालात, "जिथं सहा महिने टिकशील, तिथून मला फोन कर. त्याआधी नको." मला वाटलं होतं, सहा महिने म्हणजे काय मोठंसं. मग मासळीच्या लिलावात दोन महिने काढले, कोंबडी तळायच्या दुकानात पाच आठवडे, पार्सलं पोचवायला एक हिवाळा. स्क्रूच्या कारखान्यात तर पाच महिने एकोणीस दिवस झाले होते. विसाव्या दिवशी त्यांनी माझ्या यंत्रासमोरची खिडकी विटा लावून बुजवली. तिच्यातून समुद्राचा बोटभर तुकडा दिसायचा. मी जेवायला म्हणून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. अकरा दिवस राहिले होते, बाबा. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःला यंत्राला बांधून घेतलं असतं. ताईला फोन करायचो तेव्हा तुम्ही शेजारी बसून खोकायचात. तिला विचारायचो, बाबांना सर्दी झाली का, तर ती म्हणायची, "नाही रे, तुझा फोन आला की होते." सणाला आलो नाही तेही त्यामुळंच. कुठल्या तोंडानं येऊ?

गेल्या ऑगस्टात बांगसाहेबांच्या दुकानात लागलो. चोर आला की ओरडणारी यंत्रं घराघरांत, दुकानांत बसवायची, हे आमचं काम. पहिल्याच दिवशी माझ्या कामांची यादी ऐकून साहेब म्हणाले, "पोरा, तू इथं दिवाळखोरीसारखा न बोलावता आलायस, न सांगता जाशीलही. तीन महिने टिकलास तर मी मिशा ठेवीन." त्यांची बायको म्हणाली, "देवा, याला उद्याच जाऊ दे." आता त्यांना मिशा आहेत. अगदी वाईट दिसतात. बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण डब्यात मुळ्याचं लोणचं रोज वाढतात.

सप्टेंबर संपता संपता ताईचा फोन आला. पलीकडच्या खोऱ्यातल्या घराण्याचे तिघं म्हातारे, त्या तीन फेल्ट हॅट घालून, आपल्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते म्हणे. वंशावळीच्या सतरा पोथ्या ताईकडून संगणकात उतरवून घ्यायच्या, पण खोलीला चोरघंटी बसवल्याशिवाय एकही पोथी हातात देणार नाही, अशी अट. पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर काम शहरातल्या कंपनीला. तुम्ही बाहेर ओसरीवरून ओरडलात, "चारशे वर्षांच्या मेलेल्या माणसांची नावं कोण चोरणार?" त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "ज्यांचे पूर्वज बरे नव्हते ते." ताई फोनवर हसत होती, पण मला कळत होतं की तिला रडू येतंय. घरात बसून करायचं इतकं मोठं काम तिला पुन्हा मिळालं नसतं. म्हणाली, "तुझ्या दुकानात स्वस्तातलं आणि खरं चालणारं काय आहे ते सांग. आणि बाबा म्हणतात, आजोबांनी चढवलेल्या तुळईला एक भोक पडता कामा नये."

बाबा, तुम्हाला वाटतं मी आयुष्यात कधी अभ्यास केला नाही. तो आठवडा मी केला. मोठ्या कंपनीचं यंत्र होतं, ते दर महिन्याला पैसे घेतात आणि घंटा वाजली की माणूस पाठवतात. मी त्यांना विचारलं, आमच्या गावात माणूस किती वेळात पोचेल? म्हणाले, पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटांत चोर पोथ्या वाचूनही संपवेल. वर तीन वर्षांचा करार, आणि करार म्हटला की माझ्या पायांना खाज सुटते. दुसरं अगदी स्वस्त, टपालानं येणारं. ते मी माझ्या खोलीत लावून बघितलं. घरमालकिणीनं भाताचा कुकर लावला की वाफेनं ओरडायचं आणि वायफाय गेलं की मेल्यासारखं गप्प. चोर तार कापूनच येतो, त्याला काय. शेवटी मधलं घेतलं. वायर नाही, म्हणून भोक नाही, सगळं चिकटवायचं. वीज गेली तर बॅटरीवर चालतं, वायफाय गेलं तर आतल्या सिमकार्डावर. महिन्याचा हप्ता नाही. एक लाख ऐंशी हजार वॉनला एक मुख्य पेटी, दारांचे दोन सेन्सर, खोलीतली हालचाल टिपणारा एक आणि भोंगा. हालचालीचा सेन्सर चुलीकडच्या, जमिनीखालून धग येते त्या गरम टोकाकडे तोंड करून लावू नका, तापलेली जमीन त्याला माणूस वाटते, हे मी चिठ्ठीत लाल शाईनं लिहिलं होतं. बांगसाहेबांनी खोकं बांधताना बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाला इतकं समजावतोस होय? मग आमच्या गिऱ्हाइकांनी तुझं काय घोडं मारलंय?"

ताईनं बसवल्यावर फोटो पाठवला. दाराच्या चौकटीवर सेन्सर असा सरळ रेषेत बसलेला, की सुताराचा ओळंबा लावला असावा. ताईनं आजवर भिंतीवर दिनदर्शिकासुद्धा सरळ लावलेली नाही. मी तो फोटो मोठा करून बघितला. चौकटीवर पेन्सिलीची बारीक खूण होती, तुम्ही कलमाच्या फांदीवर करता तशी. फोटो ठेवून दिलाय. म्हाताऱ्यांनीही त्या खुणेला हात लावून बघितला म्हणे, आणि सतरा पोथ्या दिल्या. अट एकच, खोली सोडताना घंटी लावल्याशिवाय सोडायची नाही.

आणि मग तो दिवस. मला वाटतं आपल्या गावाशिवाय जगात कुठंही असं घडलं नसतं. ऑक्टोबरातलं ऊन चांगलं पडलं, ताई घंटी लावून ग्वांगजूला गेली, आणि तुम्ही दरवर्षीप्रमाणे दारांचा जुना कागद काढून नवा लावायला दारंच काढलीत. मी त्या दातांच्या दवाखान्यात शिडीवर होतो. फोन वाजला, दार उघडलं. पुन्हा वाजला, दुसरं दार उघडलं. मग हालचाल, मग पुन्हा दार. खाली एक बाई तोंड उघडून बसलेली, डॉक्टर माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या डोळ्यांसमोर सतरा पोथ्या टेम्पोत चढतायत. ताई फोन उचलेना. तेव्हा मी शिडीवरूनच घरचा फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. बारा वेळा वाजला. मागं भोंगा कोकलत होता आणि तुम्ही म्हणालात, "कोण?" मी म्हटलं, "मी." तुम्ही म्हणालात, "चोर नाही. कागद लावतोय. हे बोंबलणारं कसं बंद करायचं?" मी म्हटलं, आकडे दाबा. तुम्ही म्हणालात, "माझ्या घरात शिरायला मी आकडे पाठ करू?" आणि फोन आपटलात. नंतर कळलं, तुम्ही भोंगा रिकाम्या सोयाबीनच्या रांजणात घालून वर झाकण ठेवलंत, आणि सरपंचकाकांनी गावच्या कर्ण्यावरून सांगितलं, "गावकऱ्यांनो, युजावाल्यांकडे चोरी झालेली नाही, दारं वाळतायत. काठ्या घेऊन निघालेल्यांनी परत जावं." ताई आली तेव्हा एक सेन्सर नव्या कागदाखाली चिकटून गेला होता. त्यावर तुम्ही मेपलचं पान ठेवून कागद लावला होता. ते तसंच राहू द्या, कागदातून सिग्नल येतो.

मी त्या दिवशी दिवसाचा भोंगा बंद करून टाकला. दार उघडलं की फक्त माझ्या फोनवर घंटी. ताई कामात असते, म्हणून पहिलं नाव माझं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली. चारला ताई डोळ्यांना विश्रांती म्हणून बंधाऱ्यावर चालायला जाते, हे मला ठाऊक होतं. घरी फोन केला. पहिल्याच घंटीला उचललात. मी विचारलं, कोण आलं होतं? "मांजर." मांजरानं कडी काढली? "शहाणं आहे." ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार दहा. पुन्हा मांजर. मी विचारलं, मांजर जेवलं का? तुम्ही म्हणालात, "पालक होता. तिकडं काय होतं?" मी म्हटलं, नूडल्स. "रोज नूडल्स खाऊन पोट पिठाचं होईल." असं ते वाढत गेलं. मांजराला युजाची तोडणी कशी चाललीय ते माहीत असतं. मांजराचा गुडघा उतरताना दुखतो. मांजरानं एकदा विचारलं की इंचॉनला बर्फ पडला का, आणि मी हो म्हटल्यावर ते म्हणालं, "शिडीला खालून कापड बांध, घसरते." आमच्या दुकानात चार वाजून पाच मिनिटं झाली की बांगसाहेब आता हातातला पाना ठेवतात आणि ओरडतात, "अरे, शिडीवर असेल तर उतरवा त्याला, त्याच्या चोराची वेळ झाली." अर्थात हे काही मी तुम्हाला फोन करणं नव्हतं. दार उघडलं की विचारपूस करणं हे कामच आहे माझं. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की सहा महिने झाले नाहीत.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तेव्हा माझ्या फोनवर भलताच इशारा आला: मुख्य पेटी तापलीय. ताईला बघायला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पेटी मेजावर नाहीच. बाबांनी ती गरम टोकाला नेऊन रजईत गुंडाळून ठेवलीय. म्हणतात, गारठेल." मी रागावून म्हटलं, काढ आधी, जळून जाईल. तिनं काढली, फोन ठेवला. मग मला आठवलं. त्याच जागी, त्याच रजईखाली आई भाताचा वाडगा ठेवायची, जो घरी पोचलेला नसेल त्याचा. वाडग्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी मी कामावर तीन स्क्रू उलटे पिळले.

तर पत्र कशासाठी. परवा मला इथं सहा महिने झाले. साहेबांनी सगळ्यांना डुकराचं मटण भाजून घातलं आणि बाईंनी जाहीर केलं की आता मिशा काढायला हरकत नाही. त्या दिवशी तुम्हाला रीतसर फोन करायचा म्हणून चारदा उचलला. पण घंटी वाजल्याशिवाय तुमच्याशी बोलायची सवयच राहिली नाही, आणि आवाजाचाही भरवसा नव्हता, म्हणून लिहितोय. चांद्र नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसनं येतोय. वाडगा खरा ठेवा, पेटी मेजावरच राहू द्या. चार दिवस राहून परत येईन, कारण इथं माझ्यावाचून अडतं, असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. त्यानंतरच्या सोमवारपासून बंदराजवळच्या मोठ्या शीतगृहाचं काम साहेबांनी माझ्या हाती दिलंय, दोन माणसं माझ्या हाताखाली. तिथं दाराशीच फोन काढून घेतात आणि सहाला परत देतात. चार दहाला घंटी वाजली तर ती कपाटात वाजेल आणि कुणी उचलणार नाही, आणि तुम्ही तिकडं उघड्या दाराशी थंडीत उभे राहाल. म्हणून एवढंच सांगायचं होतं, बाबा. मांजराला सांगा, त्या सोमवारपासून साडेसहाला यायचं.

तुमचाच,
गांगसान